पितळी ताटातला जीन

“निघाला! निघाला!”

आरोळी उठली आणि मंडपातली माणसं एकदम उभी राहिली. आलापल्लीच्या बाजाराच्या जागेवर तो मंडप घातला होता. भामरागडकडून जीपच्या टपावर बसून आलेली, एटापल्लीकडून खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ अंगावर घेऊन आलेली, सिरोंच्याकडची आपसात तेलुगूत कुजबुजणारी, अशी सगळी माणसं टाचा उंचावून एका पितळी ताटाकडे बघत होती.

एका पोरीच्या कानामागून उतरलेला, बोटाच्या पेराएवढा काळा किडा ताटात सरपटत होता. त्याला पाय नव्हते, तोंड नव्हतं, अंगावर मात्र साळिंदरासारखे काटे उभे होते. तो ताटाच्या मधोमध आला, थांबला, ताठ झाला आणि जागच्या जागी गोल फिरला. बायकांनी पदर तोंडाशी नेले.

“हाच तो!” वंशबाबा गरजला. “आज्याच्या रक्तातून बापात, बापाच्या रक्तातून लेकरात. सात पिढ्या लपून बसला होता बदमाश! नागपूरचे डॉक्टर याले काय म्हनते? जीन! आपले बुजुर्ग काय म्हनत? जिन! सांगा, फरक कुठी हाये? डॉक्टरले मशीन लागते, मले नाई लागत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरक कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

वंशबाबाचं सोंग बघण्यासारखं होतं. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, त्यावर हिरवी शाल, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्यात अडकलेला स्टेथोस्कोप. कुठल्याही धर्माच्या गिऱ्हाइकाला परकं वाटू नये याची त्याने पुरेपूर काळजी घेतली होती. मूल वेडंवाकडं निपजलं, चालता चालता पडायला लागलं, झटके यायला लागले, तर तो म्हणे वंशातला दोष काढून देत असे.

त्याच्यासमोर आईच्या मांडीवर जी पोर झोपली होती तिचं नाव नाहीद. वय पाच. मान एका बाजूला कललेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. आणि तिची आई, जी डोळे पुसत हसत होती, ती सलीमा. अहेरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, स्वाती मडावी माझं नाव. सलीमा माझी विद्यार्थिनी होती. वर्गात हात वर करून प्रश्न विचारणारी.

तिने घरून स्टीलचं ताट आणलं होतं, ते मी आल्या आल्या पाहिलं होतं. बाबाने ते झटक्यात बाजूला सारलं. “लोखंडात जीन अडकते. माझं पितळच पाहिजे.” त्याच्या त्या एका वाक्याने माझे कान टवकारले. पण पोरीला कडेवर घेऊन सलीमा निघाली तेव्हा तिचा चेहरा बघून मी बाजूला होऊन वाट दिली.

सलीमाचा नवरा रईस आलापल्लीतच ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतो. तो तिचा मामेभाऊ. नातं लहानपणीच ठरलेलं. यात नवल काही नाही. आम्हा गोंडांतही मामा-आत्याच्या पोरांची लग्नं होतात, त्याला दूध परतवणं म्हणतात. दोघंही धडधाकट. नाहीद झाली तीही गोरी, गुटगुटीत. वेळेवर चालली. ‘अब्बू’ म्हणाली, ‘चिऊ’ म्हणाली, शिलाई मशीनच्या आवाजाची नक्कल करायची. दोन वर्षांची होता होता ती धडपडायला लागली. मग भिंत धरून चालायला लागली. मग बसली. मग एकेक शब्द विसरत गेली, आणि शेवटी फक्त रडणं उरलं. अंग ताठ करून, दात आवळून, तासन्‌तास रडणं.

नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पुनम म्हणून मुलांच्या मेंदूच्या तज्ज्ञ आहेत. त्यांनी तपासण्या केल्या आणि रईस, सलीमा आणि रईसचे वडील हाफिजचाचा यांना समोर बसवून सांगितलं. हाफिजचाचांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं होतं. चाचा पाच वेळचे नमाजी, आणि ऐकलेलं विसरत नाहीत.

“बाईनं सांगतलं, का आपल्या अंगातल्या हरेक पेशीत कचरा साफ करनारी एक जागा असते. तो कचरा तोडायले एक रस लागते. नाहीदच्या अंगात तो रस बनतच नाई. तं कचरा साचते, मेंदूत साचते. बिजलीच्या तारेवर कसं रबर असते, तसं मेंदूतल्या तारांवरचं रबर गळून जाते. रस बनवायची जे चिठ्ठी आईबापाकडून येते, त्याले जीन म्हनते. रईसची एक चिठ्ठी खराब, सलीमाची एक खराब. दोघायले काही होत नाई, दुसरी चिठ्ठी चांगली हाये ना. पोरीच्या नशिबात दोन्ही खराब आल्या.”

“आणि इलाज?” मी विचारलं होतं.

चाचा म्हणाले, “नाहीदले नाई. जे गळलं ते परत येत नाई म्हने. पन झुबेरले आता आना म्हने. लगेच आना.”

झुबेर म्हणजे नाहीदचा धाकटा भाऊ. तेव्हा तो रांगत होता, हाताला येईल ते तोंडात घालत होता. त्यालाही तोच आजार असण्याची शक्यता चारात एक. असेल, तर आजार दिसायच्या आधी एक नवा उपचार होऊ शकतो. मुलाच्याच हाडातल्या मगजातून पेशी काढायच्या, त्यांत दुरुस्त जीन घालायचा आणि त्या परत त्याच्या अंगात सोडायच्या. मग त्या पेशी मेंदूपर्यंत जाऊन तो रस बनवतात. उपचार परदेशात आहे, भयंकर महाग आहे, मिळेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पण आधी रक्त तपासू द्या, म्हणाल्या.

आणि नेमक्या त्याच सुमारास वंशबाबा आलापल्लीत उतरला.

मी दुसऱ्या दिवशी सलीमाच्या घरी गेले. रईसची मशीन बंद होती. घरात इतकी शांतता होती की मला दारातच थबकावं लागलं. नाहीद खाटेवर गाढ झोपली होती.

“मॅडम, हळू बोला,” सलीमा कुजबुजली. “कालपासून झोपून हाये. एक वर्ष झालं, थे अशी झोपली नाई.”

“सलीमा, त्याने काय पाजलं?”

“शांतिजल. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक.”

“झुबेरला नागपूरला कधी नेतेस?”

तिने मान वळवली. “नाई नेत. बाबानं त्याच्या अंगाले बांध घातला हाये. सुई टोचली तं बांध फुटते म्हने.”

“तू शिकलेली आहेस गं.”

“हो, शिकली.” ती एकदम उसळली. “तुमीच शिकवलं. मंग तुमच्या शिकवन्यानं माही पोर झोपली का? तुमच्या नागपूरच्या डॉक्टरनं काय देल्लं मले? ‘नाई’ देल्लं. बाबानं झोप देल्ली.”

ओसरीवर बसलेले हाफिजचाचा म्हणाले, “बेटा, कुरानात जिन हाये, पन तो नागपूरच्या बाईचा जीन नाई. दोन अलग गोष्टी हाये. तो मानूस दोघांच्याही नावानं खोटं बोलून राह्यला.”

“अब्बा, तुमी चूप राहा,” रईस म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता.

मी आणखी दोन-तीनदा गेले. समजावलं, रागावले, एकदा हातही जोडले. सलीमा चहा द्यायची आणि विषय बदलायची. पावसाळा लागला. पर्लकोटा नदी चढली, भामरागडचा रस्ता तुटला, तरी बाबाच्या मंडपातली गर्दी हटेना. झुबेर धरून उभा राहायला लागला, मग एक-दोन पावलं टाकायला लागला.

भर पावसात एका दुपारी रईस अहेरीला शाळेत येऊन धडकला. नाहीदला आलापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. तिला श्वास घेता येत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी शांतिजलाची बाटली हुंगली, एक थेंब जिभेवर टेकवला आणि ते सलीमाकडे वळले.

“हे कोणी दिलं? यात झोपेचं औषध आहे, मोठ्या माणसाला द्यायचं. हिला आधीच गिळता येत नाही. गुंगीत दूध पाजलं की ते फुफ्फुसात उतरतं. तेच झालंय.”

“शांतिजल म्हनून देल्लं बाबानं,” सलीमा म्हणाली. नर्सबाई नाहीदचे केस पुसत होत्या. कानामागे काळं, चिकट काहीतरी लागलेलं होतं. आदल्या दिवशीच बाबाने पुन्हा एकदा ‘जीन’ काढला होता. नर्सबाईंनी ते कापसावर घेतलं. मी शाळेतून तशीच आले होते. सातवीच्या वर्गात लोहचुंबकाचा धडा चालू होता आणि एक गोल चुंबक माझ्या पर्समध्ये राहिलं होतं. मी ते कापसाजवळ नेलं.

तो काळा गोळा फुलला. त्याच्यावर काटे उभे राहिले. तो चुंबकाकडे ओढला गेला.

सलीमाने माझ्या हातातून चुंबक घेतलं, कापसाखालून फिरवलं. वरचा काळा डाग तिच्या हाताबरोबर इकडून तिकडे सरकत होता.

“लोखंडाचा कीस,” ती म्हणाली. “तेलात मळलेला.” आणि थोड्या वेळाने, “मॅडम, झुबेर आता उभा नाई राहत. किती दिवस झाले?”

नाहीद त्या वेळी वाचली. ती जराशी सावरली तसं सलीमा स्वतः म्हणाली, “मले मंडपात जावाचं हाये.”

त्या दिवशी पाऊस उघडला होता आणि मंडप भरला होता. पहिल्या रांगेत भामरागडकडच्या एका पाड्यावरची मंगली बसली होती. तिच्या पोराला झटके यायचे. नदी उतरायची वाट बघून, मग सारा रस्ता चालत आणि जीपने ती आली होती. तिचा नंबर यायच्या आत सलीमा पुढे गेली. कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी आणि हाफिजचाचा मागे.

“ये बेटी,” बाबा म्हणाला. “लेकराले ठेव.”

सलीमाने चादर बाजूला केली. आत एक मोठं लाल कोहळं होतं.

लोक हसले. बाबाही हसला, पण त्याचे डोळे मंडपाच्या दाराकडे गेले.

“याचा जीन काढा, महाराज. याच्या वंशात दोष हाये.”

“हा दरबाराचा अपमान हाये!”

“तुमाले नाई जमत? मंग मी काढते.” तिने पदराच्या गाठीतून काळा गोळा काढला. गॅरेजमधला लोखंडाचा कीस मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोळीच्या, तेलात मळून आम्ही तो केला होता. कोहळं हाफिजचाचांच्या हातात देऊन त्याच्या देठाशी तिने तो चोळला, मी आणलेलं पितळी ताट एका हाताने खाली धरलं आणि दुसरा तळहात ताटाखाली नेला. काळा किडा देठातून घसरत ताटात आला. काटे फुलवून मधोमध ताठ उभा राहिला आणि गोल फिरला.

मग मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “आता गा! म्हंजे कोहळ्याचाही आजा खराब होता का?”

एकच हशा पिकला. सलीमाने तळहात उलटा करून चुंबक सगळ्यांना दाखवलं. पुढच्या पोरांनी बाबाचा डावा हात धरला, तर बोटातल्या जाड अंगठीचा खडा म्हणजे तसंच एक चुंबक निघालं. मग त्याचा आशीर्वाद, त्याचा दरबार, त्याच्या सात पिढ्या सगळं एकदमच आटोपलं. आम्ही आधीच कळवून ठेवलेले पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. माणसाचं नाव धनराज निघालं. पूर्वी तो मार्कंड्याच्या जत्रेत हेच खेळ करायचा. तिथे तो त्याला जादू म्हणायचा, पोरं हसायची, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

माणसं हसत पांगत होती तेव्हा मंगली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोर पाठीशी बांधलेलं. ती हसत नव्हती.

“काऊन केलं बाई असं?” ती म्हणाली. “खोटा होता तं खोटा होता. आता आमी कुठी जावाचं?”

सलीमाने तिचा हात धरला. “माह्यासंग चाल,” म्हणाली, आणि तिला रुग्णालयात घेऊन गेली. त्या पोराला फेफरं होतं. त्याची गोळी तिथेच मिळाली. ती सरकारी दवाखान्यात कायम असते. बाबाच्या मंडपापासून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ होती.

त्याच आठवड्यात आम्ही झुबेरला घेऊन नागपूरला गेलो. सलीमाच्या आग्रहाने मी बरोबर होते.

डॉक्टर पुनमनी झुबेरला टेबलाच्या काठावर बसवलं, पाय लोंबकळत सोडले. रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकेच टोकलं. अशा वेळी पाय आपोआप उडतो. उडाला नाही. त्यांनी दुसरा पाय टोकला. मग पुन्हा पहिला. झुबेरला हा खेळ वाटला, तो खिदळायला लागला.

“चालतो का?”

“चालत होता,” रईस म्हणाला. “आता बसून राह्यते. आमाले वाटलं, आळशी हाये.”

रक्त घेतलं, मेंदूचा फोटो काढला. अहवाल यायला दिवस लागले, पण हातोडी खाली ठेवताना डॉक्टरांचा चेहरा आम्ही पाहिला होता. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्या खुर्ची ओढून सलीमाच्या शेजारी येऊन बसल्या.

“यालाही तेच आहे.”

“मंग तो नवा इलाज,” रईस म्हणाला. “घर विकतो, मशीन विकतो. सांगा तुमी.”

“रईसभाई, तो उपचार आजार सुरू व्हायच्या आधी करावा लागतो. एकदा सुरू झाला की देत नाहीत, कारण उपयोग होत नाही. पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा बाळ नीट होतं. तेव्हा मी सगळीकडे लिहिलं असतं, परदेशात, ट्रस्टकडे. मिळालाच असता असं मी म्हणत नाही. खोटं बोलणार नाही तुमच्याशी. पण प्रयत्न करायला वेळ होता.”

“मी बांध फुटन म्हनून घाबरली,” सलीमा म्हणाली. ती रडत नव्हती. “मी त्याचे दिवस देऊन टाकले.”

“तुम्ही नाही दिलेत. कोणीतरी तुमच्याकडून काढून घेतले,” डॉक्टर म्हणाल्या.

सलीमाने मान हलवली. ते तिला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. परतीच्या बसमध्ये झुबेर चाचांच्या मांडीवर खिडकीबाहेर बोट दाखवत ‘ट्रक, ट्रक’ म्हणत होता. तो शब्द त्याला तेव्हा येत होता.

थंडीत नाहीद गेली. सकाळी, आईच्या हातात, अगदी हळू. हाफिजचाचांनी स्वतः नमाज पढवली. मुलांचं दुखणं कमी कसं करावं, नळीने कसं भरवावं, हे डॉक्टर पुनमनी सलीमाला शिकवलं होतं, त्यामुळे शेवटचे महिने पोर रडली नाही. तिला खरी झोप मिळाली, मोजून-मापून दिलेल्या औषधाची. एवढंच विज्ञानाला तिच्यासाठी करता आलं. थोडंच होतं, पण खरं होतं.

झुबेर आता बसत नाही. आवाजाकडे बघतो, रईसने उचललं की हसतो. पुढे काय होणार ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा जामिनावर सुटून दुसऱ्या जिल्ह्यात गेला असं ऐकतो. तिथेही मंडप पडला असेल. लोक मूर्ख असतात म्हणून त्याचं फावतं, असं मी म्हणणार नाही. सलीमा मूर्ख नव्हती. ज्या आईला सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलेलं असतं, तिला ‘हो’ म्हणणारा माणूस हवा असतो. ठग नेमका तिथे उभा राहतो. आणि तो पैसे नेतो त्यापेक्षा वेळ नेतो हे फार वाईट. पैसे एखाद्या वेळी परत मिळतात.

यंदा उन्हाळ्यात मी एका पाड्यावरच्या अंगणवाडीत बायकांसाठी कार्यक्रम ठेवला होता. मंगली आपल्या पोराला घेऊन आली होती. त्याचे झटके थांबलेत. मी चुंबकाचे, लिंबातून रक्त काढायचे प्रयोग दाखवले, बायका हसल्या. मग सलीमा बोलायला उठली. तिला भाषण येत नाही. ती म्हणाली:

“बायाहो, माहे दोन लेकरं. एक मातीत हाये, एक घरी पडून हाये. मोठीले डॉक्टर वाचवू शकत नव्हते, थे मी मान्य केलं. लहान्याचं दार उघडं होतं. लहानसं का होईना, उघडं होतं, अन् मी त्याच्यासमोरून निघून गेली, कारन एका मानसानं सुई टोचू नको म्हनून सांगतलं. तुमच्या घरी एक लेकरू असं झालं, तं त्याच्या भावाबहिनीले त्याच दिवशी दवाखान्यात न्या. इलाज हाये का नाई थे मागून पाहा, पहिले रक्त पाहा. अन् कोनी बी, बाबा असो, भगत असो, का माह्यासारखी बाई असो, ‘डॉक्टरकडे जाऊ नको’ म्हनलं, तं घाबरू नका. त्याले फक्त एक विचारा, काऊन? अन् उत्तर भेटल्याबिगर लेकराले त्याच्या हाती देऊ नका.”

ती खाली बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक बाई उठली, मांडीवरचं तान्हं छातीशी धरून पुढे आली आणि सलीमाला विचारू लागली, नागपूरची बस कुठून सुटते.